वज्रेश्वरीची गरम कुंडे : पाण्याचा गुण किती, विश्रांतीचा किती?

थंडीचे दिवस सुरू झाले की वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या एसटी गाड्यांत एक ठरावीक मंडळी दिसू लागतात. कोणाच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो, कोणी काठी टेकत चढतो, कोणाच्या पिशवीत पंचा, तेलाची बाटली आणि बदलायचे कपडे असतात. देवीचे दर्शन घ्यायचे, कुंडात अंग शेकून घ्यायचे आणि परत यायचे, असा त्यांचा बेत असतो. 'गंधकाच्या पाण्याने सांधे मोकळे होतात', 'खरूज, नायटा जातो', 'वाताचा जोर ओसरतो' अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात खरे किती, ऐकीव किती आणि धोक्याचे काय, याचा विचार आजच्या लेखात करू. मात्र त्यासाठी आधी हे गाव कसे वसले ते पाहावे लागेल, कारण या गावाच्या इतिहासातच पाण्याच्या गुणाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

पाणी गरम का असते?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावे अगदी जवळजवळ आहेत. चार-पाच किलोमीटरच्या परिसरात गरम पाण्याचे सुमारे वीस झरे आहेत. काही झरे देवळांच्या आवारात बांधीव कुंडांत घेतलेले आहेत, तर काही नदीच्या पात्रातच असून पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जातात.

देवीने येथे दैत्यांचा संहार केला आणि त्यांच्या रक्ताचेच हे ऊन झरे झाले, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्र निराळे कारण सांगते. आपल्या कोकणपट्टीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. तो लाव्हा केव्हाच थंड झाला असून आज येथे जिवंत ज्वालामुखी नाही. मात्र किनाऱ्याला समांतर अशा खडकातल्या खोल भेगा आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली उतरते. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. खडकातून फिरताना ते काही क्षार विरघळवून आणते.

म्हणूनच असे झरे एकाच ओळीत सापडतात. पालघर जिल्ह्यातील सातिवली, ठाण्यातील वज्रेश्वरी, रायगडमध्ये पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी आणि आरवली, त्याखाली राजापूरचे उन्हाळे अशी ही रांग आहे. खानदेशात चोपडा तालुक्यात उनपदेव आहे, पण तो या रांगेबाहेरचा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव ही नावेच पाहा. ऊन पाण्यावरूनच आपल्या पूर्वजांनी ती ठेवली. कोकणातील झऱ्यांचे तापमान ३४ अंशांपासून सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत आढळते. त्यांत उन्हवऱ्याचे पाणी सर्वांत कढत असते. वज्रेश्वरी परिसरातील मुख्य झरे ५० अंशांच्या आसपासचे आहेत. हा ५० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

'गंधकाचे पाणी' या नावाविषयीही एक खुलासा करायला हवा. या पाण्याला कधीकधी गंधकासारखा वास येतो हे खरे. परंतु रासायनिक तपासणीत कोकणातील या झऱ्यांत मुख्यतः सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड हेच क्षार आढळतात. थोडक्यात, हे गंधकापेक्षा मिठाचे पाणी अधिक आहे. दुकानात मिळणाऱ्या गंधकाच्या मलमाचा गुण या पाण्यात शोधणे बरोबर नाही.

देवी, पेशवे आणि कुंडे

पूर्वी या गावाचे नाव वडवली होते. देवीचे मूळ ठाणे गुंज येथे होते, पोर्तुगीजांच्या अमलात ते देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देवी वडवलीस आणली, असे परंपरा सांगते. वसईचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. वसईचा किल्ला लवकर हाती येईना, तेव्हा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला अशी कथा आहे. मे १७३९ मध्ये किल्ला पडला आणि नवसाप्रमाणे देवीचे मंदिर बांधले गेले. टेकडीवरचे, किल्ल्यासारख्या तटबंदीचे आणि ५२ दगडी पायऱ्यांचे ते देऊळ आजही गावाची ओळख आहे. दारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला.

देवळामुळे जत्रा आली आणि जत्रेबरोबर धर्मशाळा, हारफुलांची व नारळांची दुकाने, खाणावळी आल्या. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये 'वज्राबाई' या नावाने या स्थळाची आणि येथील ऊन झऱ्यांची नोंद आहे. म्हणजे देवदर्शन आणि स्नान ही जोडी फार जुनी आहे.

गणेशपुरीचा प्रवास वेगळा आहे. वसिष्ठ ऋषींनी येथे यज्ञ करून गणेशाची स्थापना केली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. भीमेश्वराचे जुने देऊळ आणि शेजारची कुंडे सोडली तर भोवती जंगलच होते. १९३६ च्या सुमारास स्वामी नित्यानंद येथे राहण्यास आले. त्यांच्या दर्शनासाठी मुंबईहून लोक येऊ लागले. कुंडांची डागडुजी झाली, रस्ते झाले, वस्ती वाढली. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम १९५६ मध्ये जवळच उभा राहिला आणि १९७० नंतर परदेशी साधकही या आदिवासी मुलखात दिसू लागले.

तिसरा थर अलीकडचा, तो सुट्टीच्या सहलीचा. मुंबई, ठाणे, वसई-विरारहून शनिवार-रविवारी गाड्या येतात. लॉज आणि रिसॉर्ट झाले, काही ठिकाणी खोलीतच गरम पाण्याची सोय झाली. असे हे छोटे गाव देवीच्या भक्तांना, नित्यानंदांच्या अनुयायांना, दुखणाईतांना आणि सहलीला आलेल्या तरुणांना एकाच रस्त्यावर सामावून घेते. पूजेच्या ताटांशेजारी आसपासच्या पाड्यांवरील बाया हंगामाप्रमाणे करवंदे, जांभळे, ताडगोळे घेऊन बसलेल्या असतात. साऱ्यांचा संसार या झऱ्यांवर आणि देवीवर चालतो.

मुक्काम गेला आणि डुबकी उरली

या इतिहासातून आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मशाळांच्या काळातला दुखणाईत डुबकी मारून लगेच परत जात नसे. वाहने कमी असल्याने तो मुक्कामाला येई. सकाळ-संध्याकाळ शेक घेई, साधे जेवण जेवी, शेतातले वा घरातले काम त्याला नसे, झोप पुरेशी मिळे, देवदर्शनाने मन शांत होई. घरी परतताना तो बरा झालेला असे आणि त्याचे सारे श्रेय पाण्याला देई.

युरोपातही हेच घडत आले आहे. फ्रान्समध्ये आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झऱ्याच्या गावी जाऊन घ्यायचा उपचार १८ दिवसांचा असतो. तेथे स्नान, व्यायाम, मालीश आणि विश्रांती यांची रोजची आखणी असते. गुडघ्यांच्या झिजेवर अशा उपचारांचा अभ्यास झालेला आहे. वेदना आणि ताठरपणा काही आठवडे ते काही महिने कमी राहतो असे त्यांतून दिसते. परंतु यांतले बरेच अभ्यास लहान आहेत, आणि क्षारांचा गुण किती व नुसत्या उष्णतेचा किती हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. हे सर्व अभ्यास रोजच्या स्नानाचे, दोन-तीन आठवड्यांचे आहेत हेही विसरू नये. सकाळी निघून दुपारी एक डुबकी मारायची आणि खड्ड्यांतून धक्के खात रात्री घरी यायचे, याने तो गुण यावा कसा?

उष्णता शरीरात काय करते?

गरम पाण्यात बसल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायूंची ओढ सैल होते आणि सांधे हलके वाटतात. पाणी शरीराचे वजन उचलून धरते, त्यामुळे गुडघ्यांवरचा भार कमी होतो. मन शांत होते, झोप चांगली लागते. आयुर्वेदात यालाच स्वेदन म्हणतात. चरकसंहितेत स्वेदनाचे १३ प्रकार सांगितले आहेत आणि औषधी कढत पाण्यात बसणे, म्हणजे अवगाहन, हा त्यांतला एक आहे. कढत पाणी कमरेखाली बलकारक, पण तेच डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांना अपायकारक, असा इशारा वाग्भटाने दिलेला आहे.

तेव्हा गुडघ्यांची झीज, जुनी कंबरदुखी, श्रमाने आखडलेले स्नायू यांना कुंडस्नानाने तात्पुरता आराम पडतो, हे मान्य करण्यास हरकत नाही. अडचण येते ती 'आराम' आणि 'बरे होणे' यांत गल्लत झाली की.

गल्लत कोठे महागात पडते?

आमवात : हाताची बोटे, मनगटे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. हा झिजेचा विकार नसून शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. यावर परिणामकारक औषधे आहेत, मात्र ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. शेकाने दुखणे दबते, पण आत सांध्याची हानी चालूच राहते. 'दोन हिवाळे वज्रेश्वरी करून पाहू' असे म्हणण्यात तोच मोलाचा काळ हातचा जातो. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल आणि ताप असेल तर शेक घेऊच नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खरूज : हा एका सूक्ष्म किड्याचा विकार आहे. ५० अंशांच्या उष्णतेत दहा मिनिटे ठेवले तर हा किडा मरतो, म्हणून रुग्णाचे कपडे व चादरी कढत पाण्यात धुण्यास सांगतात. परंतु तेवढी उष्णता तेवढा वेळ माणसाच्या कातडीला सोसत नाही. ज्या पाण्याने किडा मरेल त्या पाण्याने कातडीही भाजेल. उपाय मलमाचा आहे आणि तो घरातील सर्वांनी एकाच वेळी करायचा असतो.

गजकर्ण : ही बुरशी आहे, आणि ओलसर उबदार कातडी तिला फार मानवते. कुंडातून येऊन जांघा, काखा कोरड्या न करता ओले कपडे अंगावर ठेवले, किंवा एकच पंचा चौघांनी वापरला, तर ती पसरते.

चट्टे : कातडीवर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श किंवा ऊन-गार समजत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा चट्ट्यासाठी कुंडाची वाट धरणे दोन्ही अर्थांनी घातक आहे. एक तर उपचार लांबतो, दुसरे म्हणजे बधिर भाग भाजला तरी कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात या रोगाचे औषध मोफत मिळते, बहुतेकांचा उपचार सहा ते बारा महिन्यांत पुरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर रोग पसरण्याची भीती लवकरच नाहीशी होते. वेळेवर औषध घेतल्यास बोटे वाकडी होत नाहीत.

मधुमेही वाचकांसाठी

आता तो ५० चा आकडा आठवावा. ४९ अंशांच्या पाण्यात प्रौढ माणसाची कातडी पाच-दहा मिनिटांत भाजते. ५४-५५ अंशांना अर्धे मिनिट पुरते आणि ६० अंशांना अवघे पाच सेकंद. निरोगी माणूस चटका बसताच पाय मागे घेतो. परंतु अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायाच्या नसा मंदावलेल्या असतात. त्यांना पाणी 'छान कोमट' वाटते आणि घरी आल्यावर पायाला फोड दिसतात. अशा पायाची जखम लवकर भरत नाही, चिघळते आणि कधी बोट, कधी पाय गमावण्याची वेळ येते. मुंग्या येणे, कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे ही लक्षणे असणाऱ्यांनी कुंडात पाय सोडू नयेत. अंग शेकायचे असेल तर दुसऱ्याने कोपर बुडवून पाहिलेले कोमट पाणी बादलीतून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालतानाही बधिर पाय भाजतात. अशांनी दर्शन सकाळी लवकर घ्यावे, शक्य तेथे मोजे घालावेत आणि रात्री आरसा धरून तळवे पाहावेत.

हृदयविकार, रक्तदाब आणि इतर

गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावल्याने रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस कुंडातून एकदम उभा राहिला तर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या पायरीवर तोल जातो. वयस्कांचे मांडीचे हाड मोडण्यास एवढे पुरे होते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि छातीत दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कुंडात उतरू नये. गरोदर स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कढत पाण्यात बसणे टाळावे, कारण शरीराचे तापमान फार वाढल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. मद्यपान करून कुंडात उतरणे हे तर जिवावरचे धाडस होय.

हे पाणी तीर्थ म्हणून जिभेला लावणे वेगळे आणि औषध म्हणून पेले भरून पिणे वेगळे. त्यात मीठ जास्त असते, तसेच गरम झऱ्यांच्या पाण्यात फ्लोराइडही अधिक असू शकते. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते पिऊ नये.

पाण्याच्या स्वच्छतेविषयीही थोडे सांगायला हवे. झऱ्याचे वाहते कढत पाणी बरेचसे निर्धोक असते. तेच पाणी टाकीत साचून कोमट झाले आणि त्यात दिवसभर शेकडो माणसे उतरली की ते स्वच्छ राहत नाही. साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात एक अमिबाही वाढू शकतो. नाकात गेलेल्या पाण्यातून तो मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली या रोगाचे रुग्ण आढळले होते. हा रोग अतिशय दुर्मिळ आहे आणि वज्रेश्वरीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण डोके बुडवू नये, मुलांना उड्या मारू देऊ नये, ही शिस्त त्यासाठीही बरी.

कुंडस्नानाचे नियम

१. जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत, उपाशीपोटीही उतरू नये.
२. पाणी आधी कोपराने पाहावे. बसण्यासाठी ३७ ते ४० अंशांचे, म्हणजे सुखावह ऊन पाणी योग्य. चटका बसणाऱ्या कुंडात 'गुण जास्त' नसतो.
३. एका वेळी १० ते १५ मिनिटे पुरे. पाणी छातीच्या खाली ठेवावे.
४. अंगावर उघडी जखम, पू झालेले फोड किंवा जुलाब असताना सार्वजनिक कुंडात उतरू नये.
५. कुंडात साबण, तेल, कपडे धुणे टाळावे. आधी बाहेर अंग धुऊन मग उतरावे.
६. सावकाश बाहेर यावे, अंग कोरडे करावे, साधे पाणी प्यावे आणि अर्धा तास पडून राहावे. ५२ पायऱ्या त्यानंतर चढाव्यात.
७. स्वतःचा पंचा आणि कपडे वेगळे ठेवावेत.
८. वयस्कर माणसाला कुंडावर एकटे सोडू नये. पावसाळ्यात तानसेच्या पात्रात उतरू नये. वरच्या बाजूला धरण असल्याने पाणी केव्हा चढेल याचा नेम नसतो.
९. चालू असलेली औषधे सोबत न्यावीत. एक दिवसही चुकवू नयेत.

सारांश असा की, वज्रेश्वरीच्या पाण्यात शेकाचा गुण आहे आणि गावाच्या जुन्या रीतीत विश्रांतीचा. हे दोन्ही एकत्र आले तर दुखणाऱ्या शरीराला काही दिवसांचा खरा दिलासा मिळतो. तेव्हा जमल्यास घाईची एक दिवसाची सहल न करता आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी नसताना, तीन-चार दिवसांचा मुक्काम करावा. देवीचे दर्शन घ्यावे, सोसेल तेवढे शेकावे, भरपूर झोपावे. मात्र सांधा सुजला असेल, चट्टा बधिर असेल, जखम भरत नसेल तर एसटी पकडण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. कुंडाचे पाणी शेकडो वर्षे वाहत आले आहे, ते महिन्याभराने गेलात तरी तेथेच असेल. आजार मात्र तेवढा थांबत नाही.